छत्री धरणाऱ्याची कैफियत

मी ‘रामायण’ पाहिलेलं नाही. माझ्या वयाचा माणूस असं म्हणाला की समोरचा चहाचा कप खाली ठेवतो, तसा तुम्हीही ठेवलात. उचला, गार होईल. ती मालिका २५ जानेवारी १९८७ला सुरू झाली, ३१ जुलै १९८८ला संपली, आणि मधल्या जवळजवळ प्रत्येक रविवारी सकाळी मी ब्राह्मणपुरीत आमच्या घराच्या धाब्यावर उभा होतो. हातात बांबू, बांबूच्या टोकाला ॲल्युमिनियमची अँटेना. खाली पार ओट्यापर्यंत माणसं बसलेली. सीताहरण मला आवाजावरून कळलं. लंकादहनाच्या रविवारी वारा इतका होता की दोन्ही हात आणि एक गुडघा लावून मी बांबू धरला होता. खाली टाळ्या पडल्या. नेमकं काय काय जळालं ते दुपारी जेवताना धाकट्या बहिणीनं सांगितलं, तेही अर्धवट.

तेव्हापासून एक बाब मी अनेकांच्या निदर्शनास आणून दिली आहे, आणि तिच्यावर आजतागायत काहीही कार्यवाही झालेली नाही. अँटेना धरणाऱ्याला चित्र दिसत नाही, आणि ज्यांना चित्र दिसतं त्यांच्या हातात अँटेना नसते. कामाची अशी वाटणी दुसऱ्या कुठल्या कामात चालवून घेतात का, सांगा. विहीर खोदणाऱ्याला पाणी लागलेलं सगळ्यांच्या आधी कळतं. आचारी भाजी चाखून बघतो. धाब्यावरच्या माणसाची सगळी भिस्त मात्र खालून येणाऱ्या अहवालावर, आणि तो अहवाल कसा असतो हे तुम्हीही भोगलेलं असणार.

“थोडं डावीकडे.” कुणाच्या डावीकडे? टीव्हीकडे तोंड करून बसलेल्यांच्या, की धाब्यावर शेताकडे तोंड करून उभ्या असलेल्याच्या? हा प्रश्न मी १९८७ साली विचारला होता, अजून प्रलंबित आहे. मग “बस, बस, बस!” तिसरं ‘बस’ कानावर येईपर्यंत अँटेना पुढे निघून गेलेली असते. मग खालून शांतपणे सांगतात, “आलं होतं.” आबा तर अहिराणीत दोनच शब्द बोलत. “उनं!” आणि मी श्वास सोडायच्या आत, “गयं.” त्या दोन शब्दांच्या मधे कुठेतरी, बोटभर जागेत, अख्खं चित्र होतं. ती जागा मला कधी कुणी नीट सांगितली नाही.

इतकी वर्षं झाली, आता सोडून द्या, असं म्हणणारे घरात आहेत. मी सोडलंही असतं. पण प्रकरण मिटलं नाही, ते चाकांवर आलं.

दर वर्षी दत्तजयंतीला आमचं घर कुलूप लावून सारंगखेड्याला जातं. तापीच्या काठावर एकमुखी दत्ताचं मंदिर, आणि देशभरातून उतरलेला घोड्यांचा बाजार. आम्ही नवस फेडतो, घोडे बघतो, विकत घेत नाही, आणि चार-पाच दिवस तिथेच मुक्काम ठोकतो. पूर्वी ताडपत्रीखाली झोपायचो. पण मार्गशीर्षात तापीकाठची थंडी म्हणजे पहाटे गोधडी ओली लागते, आणि आबांची ऐंशी उलटली. म्हणून जुन्या ट्रॉलीवर शहाद्याच्या वेल्डरकडून पत्र्याची खोली बसवून घेतली. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, दोन्ही अंगांना फळ्या, एक खिडकी, एक दार, फळीखाली बॅटरी. ट्रॅक्टर लावला की घर निघालं. राज्य सरकारनं २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, त्यात आमच्यासारख्या ट्रॉल्या बसतात की नाही यावर घरात मतभेद आहेत. चाकं, पलंग, दिवा आणि दाराला आतून कडी एवढं तिच्यात आहे, हे मात्र मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे.

उरला टीव्ही. आबांना सह्याद्रीच्या बातम्या लागतात. पुतण्या म्हणाला, “काका, मोबाइलवर लावून देतो त्यांना.” यात्रेत मोबाइलला रेंज दिसते, पण लाखभर माणसं एकाच टॉवरला लोंबकळलेली असतात, आणि आबांना त्या पडद्यावर निवेदिकेचं नाकही दिसत नाही. म्हणून चोवीस इंची टीव्ही पत्र्याला पट्टीनं आवळून बसवला, आणि जाण्याच्या आधी आठ दिवस तो अंगणातच लावून बघायचा असं मी ठरवलं. कुणी मदतीला आलं नाही हे नोंदवून ठेवतो.

माळ्यावर ती जुनी अँटेना होती. आडव्या काड्या वाकलेल्या, पण सगळ्या होत्या. ती ट्रॉलीवर उभी केली, फिरवली, पूर्ण वर्तुळ फिरवली. मुंग्यासुद्धा आल्या नाहीत. निळा पडदा. मुंग्या येणं म्हणजे निदान कुठूनतरी काहीतरी येत असण्याची खूण होती, हे मुंग्या गेल्यावर समजतं. पुतण्यानं मोबाइलवर शोधून सांगितलं की बांबूवरच्या अँटेनाला चित्र पुरवणारी दूरदर्शनची जुनी ॲनालॉग केंद्रं मोजकी सोडून मार्च २०२२पर्यंत टप्प्याटप्प्यानं बंद करायची असं जाहीर झालं होतं. म्हणजे मी ज्या दिशेला अँटेना धरून दीड वर्ष उभा राहिलो, त्या दिशेला आता धरण्यासारखं काही उरलेलं नाही. असल्या गोष्टी माणसाला घरपोच कळवायला हव्यात. मी त्या अँटेनाचा बांबू काढून घेतला आणि काड्या परत माळ्यावर ठेवल्या.

त्याच ओघात नवीन माहिती हाती लागली. अँटेनावर चालणारं डिजिटल प्रक्षेपण दूरदर्शननं २०१६मध्ये सोळा शहरांसाठी सुरू केलं. त्या यादीत इंदूर आहे. अहमदाबाद आहे. तेव्हाचं औरंगाबाद आहे. आता तुम्ही नकाशा घ्या आणि या तीन शहरांवर तीन शेंगदाणे ठेवा. मधे जी जागा राहील तिथे बोट ठेवा. बोटाखाली सातपुडा, तापी आणि आमची ट्रॉली. मी कुणाला दोष देत नाही, फक्त शेंगदाणे ठेवा म्हणतो.

आणि हे आजचं नाही. १ ऑगस्ट १९७५पासून वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून भारतातल्या खेड्यांना टीव्ही दाखवण्याचा ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. सुमारे २,४०० गावं, सहा राज्यं. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या दहा-दहा फुटी छत्र्या उभ्या केल्या, आणि वीज नीट न पोचलेल्या गावांत आकाशातून चित्र उतरलं. राज्यं कोणती? आंध्र, बिहार, कर्नाटक, ओरिसा, राजस्थान आणि मध्य प्रदेश. आमच्याकडून खेतिया किती लांब आहे? पाहुण्याला दुचाकीवर सोडून, परत येऊन चहा प्यावा एवढं. खेतिया मध्य प्रदेशात. प्रयोगाची गावं त्या राज्यात कुठे होती तो भाग वेगळा. यादीत त्यांच्या राज्याचं नाव होतं, आमच्या नव्हतं. तेव्हा मी लहान होतो, पण खुराड्याची जाळी आमच्याकडेही होती.

राहिली छत्री. डीडी फ्री डिशचं मी मनापासून कौतुक करतो. डिसेंबर २००४मध्ये सुरू झाली, महिन्याचं भाडं नाही, एकदा छत्री आणि पेटी घेतली की झालं. तिचा उपग्रह जीसॅट-१५, नोव्हेंबर २०१५मध्ये सोडलेला. विषुववृत्तावर, सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर तो पृथ्वीबरोबर फिरत एकाच जागी थांबलेला असतो. त्याच्या बाजूनं काही कसूर नाही. तो हलत नाही. हलतो आम्ही.

इथे मुख्य अडचण सुरू होते, म्हणून थोडं सरकून बसा. घरावरची छत्री एकदा बसवली की दहा वर्षं तशीच राहते. तुमच्या गल्लीत बघा, सगळ्या छत्र्या एकाच दिशेला माना करून बसलेल्या दिसतील. आमच्या भागातून ती दिशा म्हणजे बरोब्बर आग्नेय. घरात चूल जिथे मांडतात तो कोपरा. आणि उंची साधारण सत्तावन्न अंश, म्हणजे निम्म्या आकाशाच्याही वर. पण ट्रॉली जिथे थांबेल तिथे तिचं आग्नेय वेगळ्या बाजूला जातं. ब्राह्मणपुरीत ते दाराच्या डाव्या अंगाला होतं. सारंगखेड्यात चुलत्यांच्या ट्रॉलीशेजारी जागा मिळाली म्हणून आमची ट्रॉली उलटी लागली, आणि आग्नेय खिडकीमागे गेलं. छत्रीला इकडेतिकडे एक-दोन अंशांचीच सूट असते. बाकीचं सगळं आकाश तिच्या दृष्टीनं रिकामं.

पहिला दिवस. पुतण्या ट्रॉलीच्या टपावर चढला, मोबाइलमधलं होकायंत्र काढलं, आणि आग्नेय दाखवलं. मी बघितलं तर त्या दिशेला सूर्य मावळत होता. पोरगं शिकलेलं आहे, म्हणून मी आधी सूर्यावर संशय घेतला. मग ध्यानात आलं की तो लोखंडी पत्र्यावर बसून चुंबकाला दिशा विचारत होता. पत्रा चुंबकाला आपल्याकडे ओढतो. खाली उतरून दहा पावलं मोकळ्या जागेत गेल्यावर होकायंत्र ठिकाणावर आलं. ही गोष्ट कुठल्याही पेटीवर छापलेली नाही. छापायला एक ओळ पुरली असती.

दिशा मिळाली, छत्री लावली, टीव्हीवर दोन पट्ट्या आल्या. एक ‘स्ट्रेंथ’, एक ‘क्वालिटी’. स्ट्रेंथ ऐंशी टक्के. आतून सगळे ओरडले, “आलं!” दाजींनी तर मला टपावरून उतरायला सांगितलं. चित्र मात्र नाही. क्वालिटी शून्य. या पहिल्या पट्टीइतका अन्याय मी फार थोड्या वस्तूंकडून सहन केला आहे. छत्रीच्या तोंडाशी जो एलएनबी असतो त्याला नुसती वीज मिळाली तरी ती पट्टी भरते; छत्री उपग्रहाकडे असो, नाहीतर तापीच्या पुलाकडे. तार जोडलेली आहे, एवढंच ती सांगते. खरं बोलते ती दुसरी पट्टी, आणि घरातले सगळे बघतात पहिली. तेव्हापासून मी टपावरून एकच प्रश्न विचारतो: “दुसरी किती?” आणि उत्तर येतं, “पहिली भरपूर आहे.”

मग लिंब. जागा निवडताना बायकांनी सकाळची सावली मागितली होती. डिसेंबरात सकाळी दहाचं ऊन आग्नेयेकडून येतं, म्हणजे त्या वेळी सावली देणारं झाड छत्रीच्याच वाटेत उभं असणार. हे मी जागेवरच सांगितलं होतं. सौ. म्हणाली, “अहो, छत्री तर समोर बघतेय, झाडाच्या बुंध्याकडे. फांद्या केवढ्या वर आहेत.” हा गैरसमज सार्वत्रिक आहे. आपल्याकडची ही छत्री दिसायला समोर बघते, पण एलएनबी खालच्या बाजूनं तिरका पुढे आलेला असतो, म्हणून ती वाटते त्यापेक्षा पुष्कळ वर बघत असते. बुंधा तिला दिसतच नाही. तिला शेंडा नडतो. मी गणित करून ठेवलं आहे, तुमच्याही उपयोगी पडेल: आमच्या भागात आग्नेयेचं तीस फुटी झाड छत्रीपासून वीस फुटांच्या आत असेल तर आडवं येतं, त्यापलीकडे असेल तर खुशाल असू द्या. लिंब पंधरा फुटांवर होता. ट्रॉली आठ फूट मागे ढकलायला सहा माणसं लागली, आणि सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांच्या डोळ्यांवर ऊन आलं म्हणून मला दिवसभर ऐकून घ्यावं लागलं. सावली आणि सिग्नल एकाच जागी मागणाऱ्यांनी आधी एकमेकांत ठरवावं.

संध्याकाळी चित्र आलं. स्वच्छ, एक ठिपका इकडचा तिकडे नाही. क्वालिटी साठ. मी टपावर होतो, पण खिडकीच्या काचेत सह्याद्रीचं बोधचिन्ह उलटं का होईना दिसलं. मी हाक मारली, “आबा, या.” आबा चढले, मागून दाजी, ताई, चुलत्यांकडची चार माणसं, पोरं वेगळी. सगळी आग्नेयेकडच्या फळीवर बसली, कारण टीव्ही समोरच्या अंगाला होता. तापीकाठची माती मऊ. त्या बाजूचं चाक दोन-तीन बोटं खचलं. ट्रॉली कलली, टप कलला, टपावरची छत्री कलली, आणि छत्तीस हजार किलोमीटर लांबचा उपग्रह तिच्या नजरेतून निसटला. मी सगळ्यांना खाली उतरायला सांगितलं. उतरल्यावर चित्र आलं. चढल्यावर गेलं. असं तीनदा झालं. म्हणजे ट्रॉली रिकामी असेल तेव्हाच टीव्ही दिसायचा. दाजींनी सुचवलं की बघणाऱ्यांनी बाहेर उभं राहून खिडकीतून बघावं. आबा काही बोलले नाहीत, मफलर घट्ट केला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. छत्री ट्रॉलीवर बसवायची हाच मुळातला घोटाळा होता. घर हलतं, तर छत्री घरावर कशाला? ती जमिनीवर हवी. दुसऱ्या दिवशी सकाळी यात्रेतूनच लोखंडी नळा आणला, हातभर खड्डा खणून ठोकला, भोवती दगड आवळले, पाणी ओतून माती बसवली, आणि त्याच्यावर छत्री कसली. ओळंबा लावला. नळा उभा सरळ नसेल तर पुढचे सगळे अंश खोटे ठरतात.

तरी चित्र नाही. क्वालिटी मधूनच चाळीस, मधूनच शून्य. मी पेटी उघडझाप केली, बॅटरी तपासली. पेटीतून एलएनबीला तेरा किंवा अठरा व्होल्ट जातात, तेराला उभ्या लहरी पकडल्या जातात, अठराला आडव्या. बॅटरी दमली की अठरा पुरत नाहीत. बॅटरी ठीक होती. मग तारेवर आलो. खिडकीतून आत घेतलेली तार रात्री कुणीतरी खिडकी लावताना दाबली होती. कोण, ते कबूल केलेलं नाही. टोक उघडून चष्मा लावून बघितलं. मधे तांब्याची तार, टाचणीएवढी जाड. तिच्याभोवती पांढरा फेसासारखा थर, त्यावर चंदेरी जाळी. जाळीचा केसाइतका बारीक एक धागा वाकला होता आणि मधल्या तारेला टेकला होता. वाऱ्यानं खिडकी हलली की टेकायचा, नाही हलली की सुटायचा. तो केस मी नखानं काढला, कागदात गुंडाळून ठेवला आणि दाजींना दाखवला. ते म्हणाले, “एवढ्याशासाठी?” मी तो अजून जपून ठेवला आहे.

संध्याकाळी चित्र आलं. क्वालिटी सत्तर. सगळे चढले, चाक खचलं, ट्रॉली कलली, चित्र जागचं हललं नाही. आबा मधोमध बसले. ताई म्हणाली, “दादा, ये ना आत, तूही बघ.” एवढ्या वर्षांत असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मी चपला काढल्या, पायरीवर पाय ठेवला.

आतून “गेलं!” असा आवाज उठला.

मी मागे वळून बघितलं. शेजारच्या मुक्कामावरच्या घोडेवाल्यानं, आजूबाजूला दुसरा खुंटा नाही, आणि आमचा नळा पक्का रोवलेला, हे बघून त्याला एक पांढरी घोडी बांधली होती. घोडी अंग झटकत होती. नळा दगडांत पक्का होता, तो मुळातून हलला नाही, पण वरचं टोक दोन अंश फिरत होतं, आणि दोन अंश पुरतात. मी त्याला सांगायला गेलो, तो चारा आणायला गेला होता. सोडून द्यावं तर लाखाच्या वरचा जीव, गर्दीत उधळली तर जबाबदारी कुणाची?

मी दावं सोडलं आणि हातात धरलं. घोडीला दोन पावलं बाजूला नेलं. ती शांत झाली, माझ्या खांद्याजवळ तिचा ऊन ऊन श्वास लागत होता. छत्री पुन्हा आपल्या जागी आली. पत्र्याच्या आत निळसर उजेड हलला, बातम्यांचं संगीत वाजलं.

“उनं,” आतून आबा म्हणाले.

मी थोडा वेळ वाट पाहिली. दुसरा शब्द आला नाही.